न रुळलेले बूट

माझे पाय माझ्या आईनेही जितक्या वेळा हातात घेतले नसतील तितक्या वेळा सेत्तिमिओने घेतले होते, आणि त्याच सेत्तिमिओपासून लपवून मी ग्रोसेतो शहरात जाऊन बूट विकत आणले. आमच्या गावात चोरून बाई ठेवणारे दोन-तीन जण आहेत, पण चोरून बूट ठेवणारा मी एकटाच.

सेत्तिमिओ आमच्या रोक्कास्पिनाचा मोची. माझ्या बापाचा दोस्त, म्हणून मी त्याला काका म्हणायचो. आणि शिकारीच्या टोळीत बरोबरीने उभे राहायचो, म्हणून अरेतुरेही करायचो. त्याच्या दुकानात भिंतभर लाकडी पाय टांगलेले असत. गावातल्या प्रत्येकाच्या मापाचे साचे, आणि प्रत्येकावर शाईने नाव. माझ्या डाव्या साच्याला करंगळीपाशी चामड्याची एक चकती ठोकलेली होती, कारण माझं तिथलं हाड बाहेर आलंय. हे हाड जगात तिघांनाच माहीत होतं: मला, माझी बायको आर्जिआ हिला आणि सेत्तिमिओला.

दोन हिवाळ्यांपासून त्याची नजर उतरत चालली होती. तो कबूल करत नसे, पण सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारायचा. कान मात्र असे तिखट, की कोण दारावर आलंय हे तो मान वर न करता सांगायचा. “ये रे ओरेस्ते, उजवी टाच झिजवलीस वाटतं.” “पाद्रीबाबा, आज घाईत?” पावलांवरून सगळं गाव त्याला पाठ होतं. माझी चाहूल तर तो कोपऱ्यावरच्या नळापासून ओळखायचा. मी दारात पोचायच्या आत आतून आवाज यायचा, “ये, इव्हो.”

त्याने मला शिवलेल्या शेवटच्या जोडीत डाव्या बुटाची शिवण जराशी वाकडी गेली होती. टोचत नव्हती, पाणी आत येत नव्हतं. मी ते बूट घालून दोन मोसम डोंगर तुडवले. पण ती वाकडी रेघ मला दिसायची, आणि मला वाटायचं की सगळ्यांनाच दिसते.

दिसण्याचं मला एवढं का, तर आमच्या घराण्याचं नाव. कागदावर आमचं आडनाव काहीही असो, गावात आम्ही ‘वासरूमारे’. माझ्या आजोबाने धुक्यात रानडुक्कर समजून पाद्र्याचं वासरू मारलं, साठ वर्षांपूर्वी. त्यानंतर माझा बाप वासरूमाऱ्याचा, मी वासरूमाऱ्याचा, आणि माझ्या मुलीच्या लग्नात सोयऱ्यांनी जेवणावर हंबरून दाखवलं होतं. आमच्याकडे टोपणनाव एकदा चिकटलं की ते थडग्यापर्यंत येतं आणि मागे राहिलेल्यांना वारसाहक्काने मिळतं. पण मागच्या मोसमात मी तीन डुकरं पाडली होती. टोळीचा म्होरक्या ओरेस्ते मला पहिल्यांदाच नुसतं ‘इव्हो’ म्हणायला लागला होता. मला वाटलं, आता आपण साफ धुतले गेलो. आता बूटही तसे हवेत.

बूट कसे घ्यावेत हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. सेत्तिमिओने लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. बूट संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय सुजलेला असतो. रानातलेच जाड लोकरी मोजे घालून घ्यायचे. उतारावर चार पावलं चालून बघायचं, बोटं पुढे आदळता कामा नयेत, टाच वर उचलता कामा नये. मग चरबी चोळायची आणि महिनाभर रोज थोडं थोडं चालायचं, कातडं पायाला ओळखू लागेपर्यंत. मी दुकानात गेलो सकाळी, लग्नकार्यातले पातळ मोजे घालून, आणि चाललो ते गालिच्यावर.

बूट देखणे होते. गडद तपकिरी, पोटरीपर्यंत उंच, पुढून निमुळते. दुकानदार बिचारा भला माणूस. म्हणाला, “साहेब, अर्धा नंबर मोठा बघा. डावीकडे कातडं ताणलं जातंय.” मोठ्यात माझा पाय नांगरामागच्या माणसाचा दिसत होता. म्हणालो, “हेच द्या, लोण्यासारखे बसलेत.” त्याने बांधून देताना पुन्हा सांगितलं, “महिनाभर रुळवा मात्र.”

महिना माझ्याकडे होता. जागा नव्हती. माझं घर आणि उरलेलं सगळं गाव यांच्या मध्ये सेत्तिमिओचं दुकान. गल्लीत फरसबंदी. नवं कातडं करकरलं असतं आणि त्याने आतूनच विचारलं असतं, “इव्हो, हे कोणाचे बूट?” मग मी रुळवणार कसे? निजायच्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसून मी ते घालायचो आणि चटईवर पाय हलवायचो.

“चालायचे बूट आणलेस की बसायचे?” आर्जिआ विचारायची.

“रुळतायत.”

“चटई रुळतेय. बूट आहेत तसेच आहेत. अरे, सरळ जाऊन सांग ना त्या म्हाताऱ्याला. खाणार आहे का तो तुला?”

“त्याला वाईट वाटेल.”

“त्याला वाईट वाटेल म्हणून लपवतोयस, की तुला लाज वाटते म्हणून?”

मी बूट काढले आणि पलंगाखाली सरकवले.

एक नोव्हेंबरला मोसम उघडला. पहाटे बावीस जण ओढ्याकाठच्या पडवीत जमलो. ओरेस्तेने रिवाजाप्रमाणे टोपीत लाकडी बिल्ले टाकले आणि कुत्री घेऊन डुकरं हाकणारा फोस्को सोडून प्रत्येकाने एकेक उचलला. बिल्ल्यावर जो आकडा, ते त्या दिवसाचं तुमचं ठाणं. शिंग वाजेपर्यंत ठाणं सोडायचं नाही, मग आभाळ कोसळो. मला सतरा आलं. सेत्तिमिओला अठरा. म्हणजे दिवसभर शेजारी, मध्ये फक्त एक घळ आणि चेस्टनटची दाट झाडं.

चढणीला लागलो तशी माझ्या पायांनी बोंब ठोकली. करर्र, करर्र. सेत्तिमिओ माझ्या पुढे, त्याच्या जुन्या खिळेवाल्या तळांचे बूट दगडावर वाजवत चालला होता. सगळ्या टोळीत खिळे ठोकलेले तळ आता त्याचेच उरले होते. तो थांबला नाही, वळला नाही.

“नवे?” एवढंच म्हणाला.

“हो. ग्रोसेतोला गेलो होतो ना, सहज.”

“पायाला बरे आहेत ना?”

“लोणी आहेत, काका.”

“मग झालं,” तो म्हणाला. “पायाला बरं असलं म्हणजे झालं.”

त्याने मला शिवी दिली असती तर मी वाद घातला असता. पुढची अर्धी चढण मी त्याच्या पाठीकडे बघायचं टाळलं.

सतरा नंबरवर पोचलो तोवर दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या आणि करंगळीजवळच्या हाडावर कोणी चिमटा लावल्यासारखं होत होतं. खाली हाका सुरू झाला. फोस्को आणि त्याची कुत्री दरीतून भुंकत, ओरडत वर येत होती. मी उभा राहिलो. एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. एक तास काढला. दुसऱ्या तासाला डोळ्यांत पाणी आलं. मी चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, हातात बंदूक घेऊन बुटांमुळे रडत होतो. तेवढ्यात कुत्र्यांचा आवाज पलीकडच्या टेकडीकडे वळला. मी मनाशी म्हटलं, डुकरं तिकडे गेली, पाचच मिनिटं. बंदूक खोडाला टेकवली. बूट काढले, मोजे काढले आणि दोन्ही पाय ओल्या गार मातीत रुतवले. आयुष्यात इतकं सुख मला क्वचितच मिळालं असेल.

आणि ते आलं. आवाज न करता, घळीच्या माझ्या बाजूच्या काठाने, आठ पावलांवर. सगळा शरद ऋतू ज्याने द्राक्षांचे मळे उकरले होते ते धूड. मी बंदुकीकडे झेप घेतली आणि माझा उजवा पाय पडला चेस्टनटच्या बोंडावर. ज्यांनी ते काटेरी बोंड पाहिलंय त्यांना सांगायला नको. मी तिथेच बुडावर बसलो. डुकराने माझ्याकडे बघितलं. घाई केली नाही, एकदा नाकाने फुसकन हवा सोडली आणि झुडपं मोडत वर निघून गेलं. ती झुडपं मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

शिंग वाजलं. मी मोजे खिशात कोंबले, दात ओठ खात बूट चढवले आणि वर जमायच्या जागी गेलो. सेत्तिमिओ अजून आला नव्हता. फोस्को आला तो तोंडाला फेस आल्यासारखा.

“तीन तास! तीन तास कुत्र्यांचे पाय तुटले! सतरा आणि अठराच्या मधोमध घातला होता त्याला मी. कोण झोपला होता? बोला!”

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच शब्द होता: ‘अनवाणी’. मला तो सगळ्यांच्या तोंडी ऐकू येत होता, पाळण्यातल्या माझ्या नातवाला चिकटलेला दिसत होता. साठ वर्षांनी वासरू कुठे गाडलं होतं, आणि आता हे.

“माझ्या बाजूने नाही आलं,” मी म्हणालो.

किती सहज म्हणालो. आवाजसुद्धा कापला नाही.

मग सेत्तिमिओ आला, धापा टाकत, गुडघे चिखलाने भरलेले. ओरेस्तेने विचारलं, “डुक्कर तुझ्याकडून गेलं का रे?”

त्याने विचारलं, “इव्हो काय म्हणतो?”

“म्हणतो, त्याच्याकडून नाही.”

म्हाताऱ्याने माझ्या दिशेने तोंड केलं. डोळ्यांवरच्या निळसर पडद्याआडून त्याला काय दिसत होतं कोण जाणे. मग मान हलवली. “मग माझ्याच बाजूने गेलं असणार.”

“असणार म्हणजे? पाहिलंस का नाही?”

“नाही पाहिलं.”

“चला, माग बघू,” फोस्को म्हणाला. सतरा नंबरच्या ओल्या मातीत माझे दोन अनवाणी पाय जसेच्या तसे उमटलेले होते. पाचही बोटं आणि करंगळीजवळचं ते हाड. मी मागून लंगडत गेलो. वाटेत पळून जावं असा विचारही केला, पण त्या बुटांत पळणार कुठे?

खाली पोचलो तर माती सगळी तुडवलेली. जिथे तिथे खिळ्यांचे ठसे, एकात एक, एकावर एक. माझे पाय कुठेच नव्हते, डुकराचे खूरही नव्हते.

“म्हाताऱ्याने सगळं मळून ठेवलंय,” फोस्को थुंकला. “इथे कशाला तडफडला?”

“शिंग वाजल्यावर माग बघायला आलो होतो,” सेत्तिमिओ वरून म्हणाला. “काही सापडलं नाही.”

मला सगळं समजलं, किंवा समजलं असं वाटलं. त्याने माझे ठसे बघितले होते. ज्या पायांची मापं त्याने तीस वर्षं घेतली ते पाय त्याला चिखलात ओळखू आले नसते तर नवल. त्याने ते ओळखले आणि स्वतःच्या बुटांनी पुसून टाकले. मला वाचवायला. मला आधी हायसं वाटलं. लाज त्यानंतर आली, आणि हा क्रमही मी विसरलेलो नाही.

ओरेस्ते वाईट माणूस नाही. त्याने सेत्तिमिओला बाजूला घेतलं, पण आम्हाला ऐकू येतच होतं. “हे बघ, राग मानू नकोस. आज डुक्कर गेलं. उद्या तुला माणूस दिसला नाही तर? पुढच्या वेळेपासून तू पडवीत शेगडीपाशी बस. रश्श्याकडे बघ.”

सेत्तिमिओने काडतुसांचा पट्टा काढला आणि ओरेस्तेच्या हातात दिला. म्हणाला, “बंदूकही तूच पोचव कोणाला हवी तर. घरात नको ती.” मी माझ्या बुटांकडे बघत होतो. चिखल लागूनही चमकत होते मेले.

दुसऱ्या दिवशी, मृतांच्या सणाच्या दुपारी, पडवीत मटणाचे वाटे घातले. इतर ठाण्यांवर चार डुकरं पडली होती. फळ्यांवर चेस्टनटची पानं पसरून सारखे वाटे मांडतात. एकाने वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं. म्होरक्या सुरी एखाद्या वाट्यावर ठेवून विचारतो, “हा कोणाचा?” आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. त्याला वाटा दिसत नाही, म्हणून कोणाला वशिला नाही, कोणाची तक्रार नाही. वीस वर्षं हे काम सेत्तिमिओ करत आला होता, कारण त्याच्या शब्दावर कोणाची शंका नसे.

“आज इव्होला उभा करा,” ओरेस्ते म्हणाला. “सरळ माणूस आहे.”

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. घरून सेत्तिमिओने शिवलेले जुने बूट घालून आलो होतो, दुसरे पायात जाणंच शक्य नव्हतं.

“हा कोणाचा?”

“फोस्कोचा.”

“हा कोणाचा?”

एकेक नाव घेत गेलो. भिंतीवर चुन्याचा एक पोपडा होता, त्याच्याशी बोलल्यासारखा बोलत होतो. ठाणं काढून घेतलं की पूर्ण वाटाही जातो, असा टोळीचा नियम. म्हणून सेत्तिमिओ वगळून नावं एकवीस. दर वेळी ‘हा कोणाचा’ ऐकलं की माझ्या जिभेवर सेत्तिमिओचं नाव यायचं आणि मी ते गिळून दुसरं घ्यायचो. माझं स्वतःचं नावही घेतलं. चांगल्यापैकी वाटा आला, मागच्या मांडीचा.

शेवटी ओरेस्तेने अर्धा वाटा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. विधवांना आणि आजाऱ्यांना देतात तसा. “म्हाताऱ्याला दे जाता जाता. तुझं ऐकतो तो.”

कबरस्तानातून लोक परतत होते. बायकांच्या हातात शेवंतीच्या रिकाम्या पाट्या होत्या. मी माझा वाटा पडवीतच ठेवला आणि ते पुडकं घेऊन गल्लीत शिरलो. नळ मागे पडला. मी नेहमीच्या हाकेची वाट बघत होतो. आली नाही. दुकानाच्या दाराशी पोचलो, उंबऱ्यावर पाय ठेवला.

“कोण आहे?” आतून सेत्तिमिओने विचारलं.

मला वाटलं, रागावलाय. मुद्दाम परका करतोय. “मी आहे, काका. इव्हो.”

“इव्होच का? वाटलं होतं मला. पण म्हटलं विचारलेलं बरं.”

तो स्टुलावर रिकाम्या हाताने बसला होता. समोर कोणाचा तरी उघडा बूट आणि हातोडी. मी पुडकं टेबलावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच म्हणालो, कारण बसलो असतो तर बोललो नसतो, “काका, तू माझ्यासाठी जे केलंस ते मी विसरणार नाही.”

“काय केलं मी?”

“ते... चिखलातलं. पुसलंस ते.”

“काय पुसलं? मी गुडघ्यावर बसून हाताने चाचपत होतो रे. खूर कुठे लागतोय का बघत होतो. मातीत मला काय दिसणार? सगळं करडं दिसतं. तुला आता सांगतो, कोणाला बोलू नकोस. डोळे गेलेत हे मला माहीत होतं. त्याचं काही नाही, ठाण्यावर मी कानांनीच उभा राहायचो. पण काल काय झालं, मला ते तुझ्या बाजूला ऐकू आलं. स्पष्ट. आधी धप्पकन कोणीतरी बसल्यासारखं, मग फुसकारा, मग झुडपं मोडत वर. छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की सतरावरून गेलं. म्हणून तर शिंग झाल्यावर तुझ्याकडे माग शोधायला आलो. आणि वर येतो तर तू म्हणालास, नाही आलं.”

मी टेबलावरचं पुडकं उगाच सरळ केलं.

“तू म्हणालास म्हणजे नसणारच आलं. मग मी काय ऐकलं? रात्रभर तेच. डोळे गेले, आता कानही खोटं सांगायला लागले. आत्ता तू गल्लीत आलास, मला वाटलं इव्होच. माझेच बूट आहेत पायात, डावा जरा ओढतोयस. पण तोंडातून नाव निघेना. दुसराच कोणी असला तर? हसतील लोक.”

मला त्याने वाचवलं नव्हतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. हे किती वाईट आहे ते मला उभ्या उभ्या कळलं. माझं पाप त्याने झाकलं असतं तर आम्ही दोघं भागीदार तरी झालो असतो. इथे मी एकट्याने एका आंधळ्या माणसाचे कान काढून घेतले होते, माझ्या बुटांपायी.

“तुझे कान ठीक आहेत,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“सतरावरूनच गेलं ते. माझ्यासमोरून, आठ पावलांवर. मी बूट काढून बसलो होतो. चावत होते. अनवाणी उठलो, बोंड टोचलं, पडलो. धप्पकन झालं तो मी. मी खोटं बोललो, काका.”

मी वाट बघत होतो. हातोडी त्याच्या हाताशी होती, त्याने ती फेकली असती तरी मी हललो नसतो. त्याचे ओठ हलले.

“पुन्हा सांग.”

“मी खोटं बोललो.”

“ते नाही रे! आधीचं. धप्पकन तू?”

“मी.”

“आणि फुसकारा?”

“डुकराचा. माझ्याकडे बघून.”

तो हसायला लागला. आधी हळू, मग मांडीवर थाप मारून. “ऐकलं होतं मी! बरोब्बर ऐकलं होतं! अगं ए,” त्याने वरच्या मजल्यावर बायकोला हाक मारली, “अगं, कान शाबूत आहेत माझे!” एक्काहत्तर वर्षांचा माणूस, त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो आनंदाने स्टुलावर उड्या मारत होता. माझ्यावर रागवायचं त्याला सुचलंच नाही. मार खायच्या तयारीने आलेल्याला कोणी मिठी मारली तर त्याने हात कुठे ठेवायचे?

मग तो उठला, खुंटीवरची टोपी घेतली. “चल, ओरेस्तेला सांगू.” आणि अर्ध्या वाटेत थबकला. टोपी हातात फिरवत राहिला. “अनवाणी म्हणालास, नाही का.”

“हो.”

“म्हणजे ते तुला...” तो गावातलाच, त्याला सगळं माहीत. त्याने टोपी परत खुंटीला लावली. “जाऊ दे. नको सांगूस. मला कळलं ना, मला बास झालं. मी बसतो शेगडीपाशी, उबेला बरं असतं. तुला नातू आहे.”

आणि मला हायसं वाटलं. पुन्हा. हे मी आजवर आर्जिआलाही सांगितलेलं नाही. एक श्वासभर मला वाटलं, चला, सुटलो. नंतर जे काही केलं ते त्या एका श्वासाच्या लाजेने केलं.

“टोपी घे,” मी म्हणालो.

पडवीत अजून सगळे दारू पीत बसले होते. मी बाकावर बसलो, नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे सोलून काढले कारण ते टाचांना चिकटले होते, आणि दोन्ही पाय फळीवर ठेवले, मटणाच्या रक्ताशेजारी. उजव्या तळव्यात बोंडाचे काटे अजून होते.

“काल सतरा नंबरवर मी असा होतो,” मी म्हणालो. “डुक्कर माझ्याकडून गेलं.”

मग कोपऱ्यातून कोणीतरी हंबरलं. मग दुसरा म्हणाला, “छे, वासरू जुनं झालं, आता अनवाणी!” आणि छप्पर उडेल एवढं हसू फुटलं. फोस्को तेवढा हसला नाही. तो उठून माझ्यासमोर आला आणि म्हणाला, “त्या म्हाताऱ्याने पट्टा काढून दिला तेव्हा तू तिथेच उभा होतास.” बस, एवढंच म्हणाला. गावभरच्या हसण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

ओरेस्तेने पट्टा सेत्तिमिओला परत दिला आणि मला उरलेला मोसम शेगडीपाशी बसवलं. ग्रोसेतोचे बूट आर्जिआने फुकटात कोणाला तरी देऊन टाकले. सेत्तिमिओने माझा साचा भिंतीवरून काढला, बोटांनी चाचपत चकतीवर अजून एक पातळ चकती ठोकली आणि मला नवी जोडी शिवली. शिवण दोन ठिकाणी वाकडी आहे. त्या बुटांत मी दिवसभर चालतो आणि मला पाय आहेत हे आठवतही नाही.

तेव्हा पाळण्यात असलेल्या माझ्या नातवाला आता शाळेत ‘अनवाण्याचा’ म्हणतात. त्याला मजा वाटते. मलाही आता सवय झालीय, टपालवालासुद्धा तेच म्हणतो. त्याचं काही नाही.

सवय होत नाही ती दुसऱ्या गोष्टीची. मी गल्लीत वळतो, नळ ओलांडतो, आणि आतून त्याची हाक येते, पूर्वीसारखीच खणखणीत, “ये, इव्हो!” पूर्वी तो हाक मारून लगेच कामाला लागायचा. आता हातोडी वरच धरून थांबतो. मी दारात येऊन “हो काका, मीच” म्हणेपर्यंत ती खाली येत नाही.